मृत्युपत्रातली एक ओळ

परवा माळा आवरायला काढला. दरवर्षी दिवाळीआधी मी हा उद्योग करते आणि दरवर्षी निम्म्यातच सोडून देते. कारण एखादी जुनी वस्तू हाती लागते आणि मी तिथेच शिडीवर बसून राहते. या खेपेला हाती लागली आक्काआत्यांची वही.

आक्काआत्या म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या बहीण. म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत त्यांनी चौतीस वर्षं नोकरी केली. लग्न केलं नाही. शहापुरातल्या आमच्या जुन्या वाड्यात मागच्या दोन खोल्यांत त्या राहत. पेन्शन आली की आधी दुधाचे, किराणाचे, लाइटबिलाचे पैसे वेगवेगळ्या पाकिटांत घालायच्या आणि उरतील ते बँकेत. स्वतःसाठी वर्षाला दोन सुती पातळं, बस्स. मात्र शाळेतल्या कुणा मुलीचं पुस्तक अडलं, फी अडली, की आक्काआत्या गुपचूप देत. कुणाला किती दिले ते आम्हाला कधी कळलं नाही.

1998 साली त्या गेल्या. दिवस झाल्यावर त्यांची खोली आवरताना मला ही वही मिळाली. दोनशे पानी, खाकी पुठ्ठ्याची. बहुतेक पानांवर हिशेब. शेवटच्या पानावर त्यांच्या त्या सुंदर, शाळेच्या फळ्यावर लिहावं तशा अक्षरात चार ओळी. मतलब असा, की माझ्यामागे माझे जे काही पैसे असतील ते गरीब मुलींच्या शिक्षणासाठी द्यावेत, कुणीही मन वाईट करून घेऊ नये. खाली सही आणि तारीख.

ती वही घेऊन मी आणि माझा भाऊ ओळखीच्या एका वकिलांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसून ते पान दोनदा वाचलं. म्हणाले, "बाईंची इच्छा अगदी स्वच्छ आहे. पण कायद्यानं हे मृत्युपत्र नाही. साक्षीदार कुठं आहेत?"

साक्षीदार नव्हते. आयुष्यभर मुलींना शुद्धलेखन शिकवलेल्या माझ्या आत्यांनी त्या चार ओळींत एक वेलांटी चुकवलेली नव्हती. फक्त दोन सह्या राहिल्या होत्या.

बँकेत वारस म्हणून नाव होतं माझ्या थोरल्या चुलतभावाचं. आत्यांचे दोन्ही भाऊ, म्हणजे माझे वडील आणि काका, आधीच गेलेले. मागे आम्ही चार भाचरं. चुलतभाऊ सरळ माणूस. बँकेतून पैसे मिळाले तसे त्यानं आम्हा सगळ्यांना बोलावून घेतलं. एकूण 1,92,000 रुपये होते. चौघांत वाटले तर प्रत्येकी 48,000. वही मधोमध ठेवलेली.

"काय करायचं बोला," तो म्हणाला.

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग धाकटा चुलतभाऊ म्हणाला, "आत्यांची इच्छा मोडायची असं म्हणत नाही मी. पण घरावर कर्ज आहे की माझ्या." थोरल्याच्या घराची कौलं पावसाळ्यापूर्वी बदलायची होती. माझा भाऊ म्हणाला, "तुम्ही सगळे कराल तसं." आणि मी? माझ्या मुलाला त्याच वर्षी इंजिनियरिंगला प्रवेश मिळालेला. फी भरायची मुदत पंधरा दिवसांवर आली होती. मीच म्हणाले, "आता अडचण आहे. नंतर बघू. नंतर आपण सगळे मिळून आत्यांच्या नावानं काहीतरी करू."

हे 'नंतर' कधी आलंच नाही. वही माळ्यावर गेली.

वाचकहो, यात कुणी चोर नव्हतं. कायद्यानं ते पैसे आमचेच होते. कुणी खोटी सही केली नाही, कुणी कुणाला फसवलं नाही. तरीसुद्धा गरीब मुलींच्या शिक्षणाचे पैसे एका बऱ्या घरातल्या मुलाच्या फीमध्ये गेले, आणि तो मुलगा माझा होता. इतकी वर्षं मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. आज लिहून टाकते आहे, कारण अशा वह्या पुष्कळ घरांत असतील असं मला वाटतं. वही नसेल तर नुसतं बोलणं असेल. "माझ्यामागे देवळाला काहीतरी द्या रे." "माझ्या बांगड्या मोडून अनाथाश्रमाला द्या." आपण मान डोलावतो. बोलणारं माणूस निघून जातं, आणि मान डोलावणाऱ्याला मुलाची फी भरायची असते.

मृत्युपत्र म्हटलं की आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया ठरलेली, "शुभ बोल गं!" दुसरी, "आपल्याकडं काय इस्टेट आहे एवढी?" आणि मृत्युपत्रात दान म्हटलं की तिसरी, "ते टाटा-बिर्लांचं काम." टाटांचं उदाहरण खोटं नाही. सर रतन टाटा 1918 साली वारले आणि त्यांच्या मृत्युपत्राप्रमाणे 1919 साली त्यांच्या नावाचा ट्रस्ट उभा राहिला. पण इतक्या लांब कशाला जायचं? आपल्याच जिल्ह्यात सौंदत्ती तालुक्यात शिरसंगी आहे. तिथले लिंगराज देसाई 1906 साली गेले. आपलं संस्थान त्यांनी मृत्युपत्रानं मुलांच्या शिक्षणासाठी ठेवलं. 1933 साली बेळगावात सुरू झालेल्या लिंगराज कॉलेजला त्यांचंच नाव आहे. त्या कॉलेजवरून आपण रोज जातो-येतो. त्या नावामागे एक मृत्युपत्र आहे हे किती जणांना ठाऊक असतं?

पण मोठ्या माणसांचंही मृत्युपत्र नीट नसेल तर किती खोळंबा होतो पाहा. नोबेल पारितोषिकं ठेवणाऱ्या आल्फ्रेड नोबेल यांनी 27 नोव्हेंबर 1895 रोजी पॅरिसमध्ये मृत्युपत्रावर सही केली. वकिलाचा सल्ला न घेता, स्वतःच लिहून. 10 डिसेंबर 1896 ला ते वारले. ज्या संस्थांनी बक्षिसं द्यायची, त्यांना आधी विचारलेलंच नव्हतं. पैसे ज्या निधीत ठेवायचे तो निधी अजून स्थापनच झालेला नव्हता. नातेवाइकांनी हरकत घेतली. सगळं मार्गी लागून पहिली बक्षिसं वाटली गेली ती 1901 साली. त्यांच्याजवळ अफाट पैसा होता आणि जिवाचं रान करणारा माणूस मागे होता म्हणून निभावलं. आक्काआत्यांजवळ आम्ही होतो.

वही सापडल्यावर मी ठरवलं, आता माझं मृत्युपत्र करायचं. वय बहात्तर. हे गेल्याला सहा वर्षं झाली. माझ्या नावावर टिळकवाडीतलं घर आणि बँकेतल्या ठेवी. मुलगा पुण्याला, मुलगी मडगावला दिलेली. मी पुन्हा एका वकिलांकडे गेले. हे आधीच्या वकिलांचे चिरंजीव. त्यांनी मला जे समजावलं ते साध्या भाषेत तुम्हाला सांगते, कारण त्यासाठी मला तीन फेऱ्या माराव्या लागल्या.

मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही. साध्या कागदावर चालतं, हातानं लिहिलेलं चालतं, मराठीत चालतं. आपल्याला नीट कळेल त्याच भाषेत लिहावं. शेवटी आपली सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या. त्या दोघांनी आपल्याला सही करताना पाहिलेलं असावं, किंवा 'ही माझीच सही' असं आपण त्यांना सांगितलेलं असावं. साक्षीदारांनी आतला मजकूर वाचायलाच पाहिजे असं नाही. ज्यांना मृत्युपत्रात काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नये, उगाच संशयाला जागा. आणि साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण बघावेत. मी शेजारच्या जोशीकाकूंचं नाव सांगितलं तेव्हा वकीलसाहेब हसले. "काकू तुमच्याहून मोठ्या ना? वाद कोर्टात गेला तर एका तरी साक्षीदाराला उभं करावं लागतं. तेव्हा साक्षीदार असायला पाहिजे ना!"

रजिस्टर करणं सक्तीचं नाही, पण सब-रजिस्ट्रारकडे करून ठेवलेलं बरं. कागद गहाळ झाला तरी नोंद राहते. ज्येष्ठ माणसांनी त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडावा, म्हणजे 'आईचं डोकं ठिकाणावर नव्हतं' असं म्हणायला कुणाला वाव उरत नाही. मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येतं. शेवटचं ते खरं.

बँकेतल्या वारसाचं आपण सगळेच चुकतो. फॉर्मवर ज्याचं नाव, पैसा त्याचा, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. तो फक्त पैसे हातात घेणारा. खऱ्या वारसांना ते पोचवणं त्याचं काम. 2023 साली सर्वोच्च न्यायालयानं शेअर्सच्या बाबतीतही हेच सांगितलं. म्हणजे दान द्यायचं असेल तर बँकेच्या फॉर्मवर भरवसा ठेवून भागत नाही. ते मृत्युपत्रातच यायला हवं.

आता दानाची ओळ कशी लिहायची? मी मोठ्या हौसेनं लिहून नेलं होतं, 'माझ्या पैशाचा काही भाग धर्मादाय कार्यास द्यावा.' वकीलसाहेबांनी पेन्सिलीनं त्याखाली रेघ मारली. "काही म्हणजे किती? धर्मादाय म्हणजे कुणाला?" मग त्यांनी जुनी गोष्ट सांगितली. मुंबईकडच्या एका खटल्यात मृत्युपत्रात नुसतं 'धरम'साठी पैसे ठेवले होते. 1899 साली प्रिव्ही कौन्सिलनं ते दान रद्द ठरवलं. धरम या शब्दात काहीही बसू शकतं, तेव्हा कोर्टानं अंमल तरी कशाचा करायचा?

म्हणून संस्थेचं पूर्ण नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक लिहायचा. बोलीतलं नाव नको. आपल्या गावात 'मुलींची शाळा' म्हटलं की तीन संस्था उभ्या राहतील. पैसे नेमके कशासाठी तेही लिहायचं, पण इतकं घट्ट बांधायचं नाही की पुढे वापरताच येऊ नये. पाटी-पेन्सिलीसाठी म्हणून ठेवलेले पैसे आज कुणी कशात घालायचे? आणि एक ओळ अवश्य घालायची. त्या वेळी ही संस्था चालू नसेल तर याच स्वरूपाचं काम करणाऱ्या दुसऱ्या संस्थेला द्यावं, कुणाला ते एक्झिक्युटरनं ठरवावं. एक्झिक्युटर म्हणजे आपल्यामागे मृत्युपत्राप्रमाणे सगळं पार पाडणारा माणूस. तो नेमला नाही तर दानाच्या मागे लागणारं कुणी राहत नाही. घर मुलगा मागून घेईल, दागिने मुलगी विचारील. संस्थेला तर कित्येकदा पत्ताच नसतो, की आपल्यासाठी कुणी काही ठेवलंय.

रक्कम लिहावी की हिस्सा? वकीलसाहेबांचं मत हिस्सा लिहावा. दहा हजार रुपये चाळीस वर्षांपूर्वी केवढे वाटायचे आणि आज केवढे वाटतात! शिवाय आपल्या शेवटच्या आजारपणात किती खर्च होईल हे देवालाच माहीत. लाखभर रुपये संस्थेला लिहिले आणि मागे सव्वा लाखच उरले तर मुलांच्या वाट्याला काय? दहावा हिस्सा लिहिला तर जे उरेल त्याचा दहावा. कुणावर अन्याय नाही.

ही झाली माझ्यासारखीची गोष्ट. मुलीच्या सासऱ्यांशी, म्हणजे आमच्या मडगावच्या व्याह्यांशी फोनवर बोलताना कळलं, की गोव्यात हिशेब वेगळा आहे. तिथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेला दिवाणी कायदा. आता त्याच धर्तीवरचा 2012 चा गोव्याचा वारसा कायदा आहे. नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक, म्हणजे निम्मी आधीच बायकोची. उरलेल्या निम्म्यातला अर्धा मुलांसाठी राखीव, त्याला हात लावता येत नाही. व्याही म्हणाले, "विहीणबाई, चाळीस लाख असतील तर माझ्या मर्जीचे दहाच. दान काय ते त्यातून." आणि मृत्युपत्रही तिथे नोटरीचं काम करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यापुढे करावं लागतं. तेव्हा ज्यांची मुळं गोव्यात आहेत त्यांनी तिथल्याच वकिलांना विचारावं.

आपल्याकडे हिंदू माणसाला स्वतः कमावलेलं सगळं मृत्युपत्रानं देता येतं, वडिलार्जित एकत्र मिळकतीतला मात्र स्वतःचा हिस्साच. मुसलमान माणसाला देणी भागवून उरलेल्यातला एक तृतीयांश, त्याहून जास्त द्यायचं तर वारसांची संमती हवी. ख्रिस्ती माणसांवर एक जुनी अट होती. जवळचं नातलग असेल तर धर्मादायाचं मृत्युपत्र मरणाआधी निदान वर्षभर केलेलं पाहिजे आणि सहा महिन्यांत ते सरकारदरबारी ठेवलेलं पाहिजे. केरळातल्या एका धर्मगुरूंनी ती अट कोर्टात नेली आणि 2003 साली सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. आमच्या कॅम्पातल्या एका मैत्रिणीला हे ठाऊकच नव्हतं. तिला वाटत होतं आपल्याला दान करता येतच नाही.

आणि हो, नेत्रदान-देहदानाचं मृत्युपत्रात लिहून भागत नाही. मृत्युपत्र उघडतात दिवस झाल्यावर. डोळे तर साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात. त्याचा फॉर्म वेगळा भरावा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवावं.

नोबेलसाहेबांची चूक आपण करायची नाही म्हणून मी संस्थेत जाऊन आधी विचारायचं ठरवलं. आमच्या भागातल्या एका मुलींच्या शाळेत गेले. तिथल्या कारकुनानं विचारलं, "पावती आजची करू काय?" म्हटलं, "पावती मी गेल्यावर करा." तो बिचारा गडबडून उभाच राहिला!

मुख्याध्यापिकाबाईंना मी माझा बेत सांगितला. आक्काआत्यांच्या नावानं दहावीत पहिल्या येणाऱ्या मुलीला पदक आणि बक्षीस. त्या नम्रपणे म्हणाल्या, "बाई, रागावू नका. पहिल्या नंबराला बक्षीस देणारे पुष्कळ आहेत. एकाच मुलीला सात-सात पाकिटं मिळतात. पण गणितात राहिलेल्या मुलीची पुन्हा परीक्षेला बसायची फी भरणारं कुणी नाही. घरचे म्हणतात, झाली शाळा, बस आता. मग वर्षभरात लग्न. खानापूरकडून येणाऱ्या मुलींचं तर बसचं सुद्धा अडतं."

मी चौतीस वर्षं हायस्कुलात शिकवलं आणि माझ्या डोक्यात आलं ते पदक! आक्काआत्यांना हे न सांगता कळलं असतं. त्यांनी कधी पहिल्या नंबराच्या मुलीला पैसे दिल्याचं मला आठवत नाही.

तेव्हा माझ्या मृत्युपत्रातली ओळ बदलली. ठेवींचा दहावा हिस्सा त्या संस्थेला, शाळा सुटायच्या बेतात असलेल्या मुलींची फी, पुस्तकं आणि येण्याजाण्याचा खर्च यासाठी. घर मुलगा-मुलगी दोघांना सारखं. बाकीच्या ठेवीही सारख्या.

सगळ्यात अवघड काम राहिलं होतं, मुलांना सांगायचं. फोनवर मृत्युपत्र हा शब्द काढला तर मुलगा पहिल्यांदा म्हणाला, "आई, तुला बरं नाहीये का? डॉक्टरकडे गेलीस?" त्याची समजूत काढेतो दहा मिनिटं गेली. मुलीनं वेगळंच विचारलं. "आई, दानाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तुझं आजारपण निघालं, गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, तर? तुलाच पैसे कमी पडले तर?" तिचं खरं होतं. मी तिला सांगितलं, की मृत्युपत्राची हीच सोय आहे बघ. आज हातातून एक रुपया जात नाही. मी असेपर्यंत सगळं माझं. मोडून खाल्लं तरी मला कुणी विचारणार नाही. जे उरेल त्यातलंच द्यायचं. शिवाय उद्या तुम्हा दोघांवर काही वाईट वेळ आली तर मी कागद बदलू शकते.

दिवाळीला दोघं आली. भाऊबीज झाल्यावर मी वही आणली आणि मुलाच्या हातात दिली. शेवटचं पान काढून दिलं. मग 1998 सालची ती बैठक, ते अठ्ठेचाळीस हजार, सगळं सांगितलं. माझा आवाज कापत होता. इतक्या वर्षांनी पोराला सांगायचं, की तुझी पहिल्या वर्षाची फी कुठून आली!

त्यानं पान वाचलं. पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "तू तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुझ्या डोक्यावर ओझं नको म्हणून."

"ओझं तू एकटीनं वाहिलंस की मग." थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तुझं मृत्युपत्र तुझं. त्यात मी पडत नाही. पण ते अठ्ठेचाळीस हजार माझे आहेत. ते मी देतो. तुझ्यामागे नाही, याच महिन्यात."

मुलगी म्हणाली, "अठ्ठेचाळीसच? सत्तावीस वर्षांचं व्याज?" दोघं भावंडं लहानपणच्यासारखी भांडायला लागली, आणि मला बरं वाटलं.

त्याचं ते त्यानं दिलंही. व्याजासकट दिलं की बिनव्याजी, ते त्याचं तो आणि बहीण जाणोत. माझ्या चुलतभावांना मात्र मी काही बोलले नाही. धाकट्याचं कर्ज खरं होतं, थोरल्याची कौलंही खरी होती. आत्यांनी लिहूनच ठेवलं होतं, कुणी मन वाईट करून घेऊ नये.

मृत्युपत्र आता तयार आहे. साक्षीदार दोघेही चाळिशीच्या आतले, एक वरच्या मजल्यावरचे बँकेतले गृहस्थ, दुसऱ्या आमच्या फॅमिली डॉक्टरीणबाई. एक्झिक्युटर वकीलसाहेब. रजिस्टर झालंय. एक प्रत कपाटात लॉकरच्या कप्प्यात, त्यासोबत आक्काआत्यांची वही. संस्थेलाही पत्रानं कळवलंय, म्हणजे वेळ येईल तेव्हा त्यांना विचारता येईल. कपाटाची किल्ली कुठे असते ते दोन्ही मुलांना माहीत आहे. सूनबाईंना आणि जावयांनाही सांगितलंय, कारण आमच्याकडे किल्ल्या शोधण्यात सगळा दिवस जातो.

वाचकहो, माझी दहाव्या हिश्श्याची रक्कम काही मोठी नाही. त्यातून कॉलेजं उभी राहायची नाहीत. वर्षाला दोन-तीन मुलींचं होईल. पण मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या ते माझ्या लक्षात राहिलंय, एक वर्ष शाळा लांबली की मुलीचं लग्न तीन वर्षं लांबतं.

तुमच्या मनातही कुणाला काही द्यायचं असेल. वाचनालय असेल, गोशाळा असेल, ज्या दवाखान्यात आईचं नीट केलं तो दवाखाना असेल. ते मनात ठेवू नका, वहीतही ठेवू नका. या रविवारी जेवण झाल्यावर एक कागद घ्या. आपलं काय काय आहे त्याची यादी करा. त्याखाली संस्थेचं पूर्ण नाव लिहा. मग वकिलांना दाखवा आणि दोन सह्या घ्या. आणि हे सगळं करायच्या आधी किंवा नंतर, पण आपण हिंडते-फिरते आहोत तोवर, मुलांना समोर बसवून सांगा. कागद कोर्टात उपयोगी पडतो. घरात सांगितलेलंच उपयोगी पडतं.

आक्काआत्या आम्हाला सांगितल्या असत्या तर? मी पुष्कळदा विचार करते. त्यांनी एकदा, एकदाच, आम्हा चौघांना बोलावून म्हटलं असतं, की पोरांनो, माझे पैसे मुलींना जायचेत, तर माझी नाही म्हणायची छाती झाली नसती. फी मी कुठूनही उभी केली असती. पण त्यांना कुणापुढे बोलून दाखवायची सवय नव्हती. दिलेलं दान सांगायचं नसतं, असं त्या मानत.

दिलेलं सांगू नये, हे खरं. द्यायचं राहिलेलं मात्र सांगून ठेवावं.